न्यूयॉर्कमधली सरकारी 'प्रयोगशील' शाळा : लेकीला घालावं का?

शेवंती१०३ | ९ डिसेंबर, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, कारण हा प्रश्न काही घरातल्या घरात सुटत नाहीये.

आम्ही न्यूयॉर्कला ईस्ट हार्लेममध्ये राहतो. नवऱ्याची रेसिडेन्सी (डॉक्टरकीचं पुढचं प्रशिक्षण) जवळच, म्हणून हा भाग. लेक पुढच्या वर्षी पाचाची होईल, म्हणजे सप्टेंबरपासून तिचं किंडरगार्टन. अर्ज जानेवारीत भरायचा आहे. आवडीच्या क्रमाने बारा शाळा लिहिता येतात, पण आमच्या घरात सगळी ओढाताण पहिल्या नावावरूनच चालू आहे.

एक आहे आमच्या पत्त्याला ठरवून दिलेली शाळा. नीटनेटकी, शिस्तीची, पहिल्या दिवसापासून अक्षरं, शब्द, गृहपाठ. दुसरी पण सरकारीच, फी शून्य, पण 'प्रोग्रेसिव्ह' म्हणवणारी. (दोन्हींची नावं मुद्दाम देत नाही.) दुसरीत केजी आणि पहिलीची मुलं एकाच वर्गात बसतात. प्रगतिपुस्तकात ग्रेड नाहीत, बाई मुलाबद्दल दोन-तीन पानं लिहून देतात. गृहपाठ नाही. सकाळचा मोठा वेळ 'कामाचा'. म्हणजे सुतारकाम, रंग, वाळू, ठोकळे, ज्याला जे हवं ते.

मागच्या आठवड्यात बघायला गेले होते. जमिनीवर दोन पोरं लाकडी ठोकळ्यांचं सहा नंबरच्या ट्रेनचं स्टेशन बांधत होती. छत टेकवलं की धाडकन खाली. दोनदा झालं. बाई शेजारी मांडी घालून बसलेल्या, हात मात्र लावला नाही. एवढंच विचारलं, "आधी कुठून वाकलं?" एक पोरगा पालथा झोपून, गाल जमिनीला लावून बघायला लागला. मग उठला, मधोमध एक खांब उभा केला, छत ठेवलं. टिकलं. बाईंनी त्याच्याकडून ऐकून कागदावर त्याचंच वाक्य लिहिलं, "मध्ये कोणी नव्हतं म्हणून पडत होतं," आणि स्टेशनला चिकटवलं.

मी तिथेच हरले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो लातूर पॅटर्नमधून वर आलेला माणूस. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सगळं छान आहे गं, पण ती वाचायला कधी शिकणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोणाची मुलं अशा शाळेत गेली आहेत का? खरं काय ते सांगा, गोडगोड नको.

चहाटपरी | ९ डिसेंबर, रात्री १०:४०

वाचतोय. आमचा नंबर पुढच्या वर्षी.

अनघा_ब्रुकलिन | ९ डिसेंबर, रात्री ११:३०

खरं हवंय म्हणतेस तर लिहितेच.

मुलगा आता तिसरीत आहे, ब्रुकलिनमधल्या अशाच एका सरकारी शाळेत. चांगलं आधी सांगते. शाळेत जायला तो एक दिवस रडला नाही. दुसरीत त्यांनी वर्षभर 'पाणी' हा एकच विषय केला. नळाचं पाणी येतं कुठून, तिथून सुरुवात. कॅट्सकिल डोंगरातल्या तलावांचे नकाशे काढले, पाइपांची मॉडेल्स केली, सांडपाण्याचं काय होतं ते बघायला गेले. आमच्या घरी आता कोणी दात घासताना नळ चालू ठेवला की ओरडा बसतो.

आता दुसरी बाजू. पहिलीच्या शेवटी त्याला वाचता येत नव्हतं. पुस्तक हातात धरून चित्रं बघायचा आणि अंदाजाने गोष्ट सांगायचा. मी विचारलं की "तो त्याच्या गतीने येईल" हे उत्तर मिळायचं. दुसरीच्या नोव्हेंबरपर्यंत मी थांबले आणि मग बाहेरून तपासणी करून घेतली. अक्षर आणि आवाजाची जोडणीच पक्की झाली नव्हती. सात महिने शिकवणी लावली, आठवड्यातून दोनदा. आता झरझर वाचतो. पण ते एक वर्ष त्याने स्वतःला 'ढ' समजून काढलं, ते मला अजून खुपतं. आणि शिकवणीचे पैसे आम्हाला परवडले. त्याच्या वर्गात ज्यांना परवडले नसते, त्यांचं काय झालं असतं?

तरीही धाकटीला तिथेच घातलं आहे. फक्त या वेळी मी डोळे उघडे ठेवून आहे.

रोखठोक | १० डिसेंबर, सकाळी ७:०५

अनघाताईंच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदातच सगळं आलं. या शाळा ज्यांच्या घरी पाचशे पुस्तकं आहेत त्यांच्यासाठी ठीक. आईबाप संध्याकाळी वाचून दाखवतात, कमी पडलं तर शिकवणी लावतात, आणि श्रेय जातं ठोकळ्यांना. गरिबाच्या पोराला शाळेत जे मिळेल तेवढंच मिळतं. त्याला अक्षर, पाढे, व्याकरण समोर बसवून शिकवलं पाहिजे. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. गुरुजींनी रोज संध्याकाळी उजळणी म्हणून घेतली नसती तर आज इथे लिहीत नसतो.

लेखणी_बॉस्टन | १० डिसेंबर, सकाळी ९:२०

रोखठोक, तुमचा मुद्दा वजनदार आहे, त्याकडे येतेच. पण शेवंतीताई जिथे राहतात त्याच मोहल्ल्यातला इतिहास आधी सांगू द्या. मी शिक्षणशास्त्र शिकले, हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

१९७४ साली ईस्ट हार्लेममध्ये सेंट्रल पार्क ईस्ट नावाची सरकारी प्राथमिक शाळा सुरू झाली. सुरू करणाऱ्या डेबोरा मायर या मूळच्या बालवर्गाच्या शिक्षिका. तेव्हा शहराचे ३२ शालेय जिल्हे होते आणि वाचनाच्या परीक्षेत ईस्ट हार्लेमचा चौथा जिल्हा तळाशी होता. वस्ती मुख्यतः पोर्टो रिकन आणि कृष्णवर्णीय कुटुंबांची, बहुतेक गरीब. जिल्ह्याचे अधीक्षक अँथनी अल्वाराडो यांनी मायर यांना बोलावून सांगितलं की तुम्हाला हवी तशी शाळा काढा. स्वतंत्र इमारत नव्हती. दुसऱ्या शाळेच्या इमारतीत जागा घेऊन थोड्या मुलांवर सुरुवात केली.

म्हणजे ही चैन म्हणून निघालेली शाळा नव्हती. मायर यांचं म्हणणं होतं की श्रीमंतांच्या खाजगी शाळांत मुलांच्या प्रश्नांना जो मान मिळतो तो हार्लेमच्या मुलांनाही मिळाला पाहिजे, तोही फुकट. पुढे मागणी एवढी वाढली की त्याच धर्तीवर आणखी शाळा काढाव्या लागल्या. १९८५ मध्ये माध्यमिक शाळा झाली. तिथे मुलांना सतत पाच प्रश्न विचारायची सवय लावत. हे तुला कशावरून कळलं? हे कोणाच्या नजरेतून सांगितलंय? कशाचा कशाशी संबंध आहे? वेगळं काही घडू शकलं असतं का? आणि याने काय फरक पडतो? १९८७ मध्ये मायर यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. या शाळांतून गेलेल्या मुलांचा नंतर मागोवा घेतला गेला, तेव्हा बहुतेकांनी हायस्कूल पूर्ण केलेलं आढळलं, आणि निम्म्याहून जास्त कॉलेजात गेली होती. त्या काळच्या त्या वस्तीत ही मोठी गोष्ट होती.

आता रोखठोक यांचा मुद्दा. तो नवा नाही. लिसा डेलपिट या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९८६ आणि १९८८ मध्ये याच विषयावर दोन गाजलेले लेख लिहिले. त्या स्वतः प्रयोगशील पद्धतीत तयार झालेल्या शिक्षिका. आपल्या वर्गातली गोरी मुलं पुढे जाताहेत आणि कृष्णवर्णीय मुलं तेवढी जात नाहीत हे बघून त्या अस्वस्थ झाल्या. त्यांचं म्हणणं असं की समाजात पुढे जाण्याचे नियम सुखवस्तू घरातल्या मुलांना घरीच कळतात. ज्यांना घरी कळत नाहीत त्यांना ते शाळेने स्पष्ट, तोंडाने सांगून शिकवले पाहिजेत. पण त्यांनी घोकंपट्टीची बाजू घेतली नाही, हेही लक्षात घ्या. दोन्ही हवं, असंच त्या म्हणत होत्या.

रोखठोक | १० डिसेंबर, सकाळी ९:४५

हे माहीत नव्हतं. डेलपिटबाईंचे लेख शोधून वाचतो. पण १९७४ ची शाळा आणि आजची शाळा यात फरक आहे. आज अशा शाळांत कोण जातं ते बघा.

खडूफळा | १० डिसेंबर, सकाळी १०:३०

मी मुंबई महापालिकेच्या मराठी शाळांत ३१ वर्षं शिकवलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. राहवलं नाही म्हणून लिहिते.

'प्रयोग म्हणजे श्रीमंतांचे चोचले' असं आपल्याकडेही म्हणतात, पण मुळात तसं नाही. माँटेसोरीबाईंचं पहिलं बालघर १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या कष्टकरी वस्तीत निघालं. आपल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. सोबत अनुताई वाघ. आदिवासी पोरं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत, मग त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! गुरं चरताहेत आणि पोरं बिया, शिंपले, दगड घेऊन मोजताहेत.

मी तरुणपणी आठवडाभर कोसबाडला राहून आले होते. परत आले तर माझ्या वर्गात ५८ मुलं, गोवंडीची. ठोकळे कुठून आणू? मग बाजार मांडला. काड्यापेटीची खोकी, चिंचोके, बसची जुनी तिकिटं. तेव्हा तिकिटांवर आकडे असायचे, त्यावर बेरजा करायच्या. एक मुलगा होता, भाजीच्या गाडीवर बसायचा. कागदावर १२ अधिक ९ येईना, पण "बारा रुपयांची मेथी, नऊची कोथिंबीर" म्हटलं की पटकन एकवीस. त्याला गणित येत होतं, खूण येत नव्हती. खूण शिकवायला मला बरोबर चार दिवस लागले.

रोखठोक यांना सांगते, बाळा, दोन्ही लागतं. चिंचोके पण लागतात आणि खूण पण. पण ती खूण शिकवायचा दिवस बाईला कळायला हवा, तो दिवस ठरवता येणं म्हणजेच शिकवणं. अनघाच्या मुलाच्या बाबतीत तो दिवस हुकला. पद्धत वाईट म्हणून नव्हे, बघणारं कोणी नव्हतं म्हणून.

अनघा_ब्रुकलिन | १० डिसेंबर, दुपारी १२:१०

बाई, शेवटचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं. अगदी हेच.

सुतारपक्षी | १० डिसेंबर, दुपारी १:५५

मी पेशाने आर्किटेक्ट, त्यामुळे ठोकळ्यांवर थोडं अवांतर, माफ करा.

अमेरिकेतल्या बालवर्गांत जे साधे, न रंगवलेले मेपलचे ठोकळे दिसतात ते कॅरोलिन प्रॅट या बाईंनी घडवलेले. त्यांनी १९१४ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये शाळा काढली. ती खाजगी आहे, अजून चालू आहे. मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, रुंदी त्याच्या निम्मी, जाडी रुंदीच्या निम्मी. बाकीचे सगळे त्याच्या पटीत, म्हणजे अर्धा, दुप्पट, चौपट. त्यामुळे दोन अर्धे लावले की बरोबर एक होतो, कुठे फट राहत नाही.

लक्षात येतंय का? ही लाकडातली पावकी-निमकी आहे! आपल्या आजोबांनी जी तोंडपाठ केली ती ही पोरं हाताने करतात. शेवंतीताईंनी लिहिलेल्या त्या पोराने मधला खांब लावला ना, तो आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. गाळा लांब झाला की मध्ये आधार द्या.

मंजिरी_कोथरूड | १० डिसेंबर, दुपारी २:२०

तिथे बाईंना नावाने हाक मारतात म्हणे? आमच्या भाचीची शाळा तशीच. माझ्या बहिणीच्या सासूबाई तिकडे गेल्या होत्या, शाळेच्या दारात नातीने "जेनी, ही माझी आजी" अशी ओळख करून दिली. आजींना वाटलं वर्गातली मैत्रीणच. त्यांनी "किती गोड पोर आहे" म्हणून बाईंच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली! बाईंना ते इतकं आवडलं की रोज दारात आजींची वाट बघायच्या.

चहाटपरी | १० डिसेंबर, दुपारी २:३५

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आमच्या पाटीलसरांना कोणी नुसतं 'सुभाष' म्हटलं असतं तर शाळेची घंटा आपोआप वाजली असती.

निळीशाई | १० डिसेंबर, संध्याकाळी ६:४५

मी क्वीन्समधल्या एका सरकारी शाळेत पहिलीला शिकवते. वाचनाबद्दल थोडं स्पष्ट लिहिते, कारण शेवंतीच्या नवऱ्याचा प्रश्न अजून तसाच लटकलाय.

बरीच वर्षं या शहरातल्या पुष्कळ शाळांत (फक्त प्रयोगशील नव्हे, साध्यासुद्धा) मुलांना अडलेला शब्द चित्र बघून किंवा वाक्यावरून अंदाज करून ओळखायला शिकवायचे. अनघाचा मुलगा तेच करत होता. काही मुलं त्यातूनही वाचायला लागतात, पण बऱ्याच मुलांचं अडतं. २०२३ मध्ये शहराने धोरण बदललं. आता प्राथमिक शाळांना वाचनासाठी ठरवून दिलेल्या तीन अभ्यासक्रमांपैकी एक घ्यावा लागतो. आधी निम्म्या जिल्ह्यांत, २०२४ पासून सगळ्या ३२ जिल्ह्यांत. त्यात अक्षर-ध्वनी क्रमाने शिकवण्यावर जोर आहे. प्रयोगशील शाळांमधल्या बऱ्याच जणांना हे रुचलेलं नाही, कारण वर्गात काय शिकवायचं ते बाईंनी ठरवायचं हाच त्यांचा पाया. मला विचाराल तर वाचनापुरतं हे बरं झालं. बाकी सकाळ ठोकळ्यांना द्या, माझी काही हरकत नाही.

आणि आपण मराठी आईबाप एका गोष्टीत फसतो. देवनागरीत अक्षर आणि उच्चार जवळपास जोडीने चालतात. बाराखडी आली की मूल चार-सहा महिन्यांत वाचायला लागतं, म्हणून आपल्याला वाटतं पाचव्या वर्षी वाचता आलंच पाहिजे. इंग्रजीत २६ अक्षरं आणि सुमारे ४४ ध्वनी. तिथे वेळ लागतो आणि शिकवावंही जास्त लागतं. पाचव्या वर्षी वाचत नाही म्हणून घाबरू नका. पण सहाव्या वर्षाच्या मध्यावर अक्षरांचे आवाज जुळवता येत नसतील तर "गतीने येईल" म्हणून गप्पही बसू नका.

शेवंती, परत एकदा शाळा बघायला जा आणि एवढंच विचार : अक्षर-ध्वनी रोज किती वेळ शिकवता, कोणत्या क्रमाने, आणि एखादं मूल मागे पडलंय हे तुम्हाला कितव्या आठवड्यात कळतं? चांगल्या बाई या प्रश्नाने चिडत नाहीत.

वर्गात किती मुलं आहेत तेही विचार. २०२२ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे केजी ते तिसरी २० च्या वर मुलं नकोत. अंमल २०२८ पर्यंत टप्प्याटप्प्याने होतोय.

शेवंती१०३ | १० डिसेंबर, रात्री ८:००

निळीशाई, हे तीन प्रश्न मी कागदावर लिहून घेतले आहेत. वर्गात मोजली होती, २४ मुलं होती, दोन मोठी माणसं.

पुणेरीपाटी | १० डिसेंबर, रात्री ८:२०

तिसरीपासून तिथे राज्याची परीक्षा असते ना? मग ठोकळे खेळणाऱ्यांचं काय होतं?

लेखणी_बॉस्टन | १० डिसेंबर, रात्री ९:१०

असते, तिसरी ते आठवी, इंग्रजी आणि गणित. अशा शाळांतले बरेच पालक मुलांना परीक्षेला बसवतच नाहीत. २०१५ मध्ये तर राज्यभरात जवळपास पाचातलं एक मूल बसलं नव्हतं. मला त्यात एक अडचण वाटते. परीक्षेवर विश्वास नसेल तर मूल शिकतंय हे दुसऱ्या कशाने तरी दाखवता आलं पाहिजे. बाईंच्या नोंदी, मुलाच्या कामाच्या फायली जपून ठेवलेल्या असल्या आणि त्या पालकांना वाचता येत असल्या तर परीक्षेची गरज नाही. नुसता "आमचा मुलांवर विश्वास आहे" म्हणून चालत नाही.

रोखठोक यांचा "आज कोण जातं" हा प्रश्न राहिलाच होता. तो खरा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळा देशात सर्वांत जास्त वंशावर विभागलेल्या आहेत असा निष्कर्ष २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडला. पत्त्याला न बांधलेल्या, निवडून अर्ज करायच्या शाळांत माहितगार पालक आधी पोचतात. हे कळल्यावर २०१५ मध्ये अशाच काही शाळांनी शहराकडून परवानगी घेऊन कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी जागा राखून ठेवायला सुरुवात केली. आपल्या आरटीईच्या २५ टक्क्यांची आठवण होते, फक्त तो कायदा खाजगी शाळांना आहे आणि इथे सरकारी शाळांनी हे स्वतःहून मागून घेतलं.

सेंट्रल पार्क ईस्टलाही हे सोपं गेलं नाही. २०१५ मध्ये नवीन मुख्याध्यापक आल्यावर पालक आणि शिक्षकांत उभी फूट पडली. शाळेची मूळ पद्धत मोडली जातेय असं एका गटाचं म्हणणं, तर दुसऱ्या गटाला काही बदल हवेच होते. २०१७ मध्ये मुख्याध्यापक बदलले. अशी शाळा एका माणसाच्या जिवावर उभी राहते आणि तो गेला की डगमगते, हे मी बॉस्टनलाही पाहिलं. मायर यांनीच १९९७ मध्ये इथे मिशन हिल नावाची सरकारी शाळा काढली होती. मुलांच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष झाल्याचं चौकशीत आढळल्यावर ती २०२२ मध्ये बंद झाली. मला त्याचं फार वाईट वाटतं.

माणदेशी | ११ डिसेंबर, सकाळी ८:००

आमच्या साताऱ्याच्या कुमठे बीटचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? जिल्हा परिषदेच्या साध्या शाळा. जमिनीवर ऑइलपेंटने आखलेल्या चौकटी, संख्यारेषा, शब्दांच्या पट्ट्या. पोरं फरशीवर उड्या मारत गणित करतात. महाराष्ट्रभरातून शिक्षक एसट्या भरभरून बघायला यायचे. मी स्वतः दोनदा गेलो. तिथे एक गोष्ट बघितली, रोखठोक दादांना आवडेल. पोरं खेळत होती, पण कोणाला काय येतंय आणि काय नाही हे बाई न बघता सांगत होत्या. नाव घ्या, सांगतात.

रोखठोक | ११ डिसेंबर, सकाळी ८:१५

आवडलं. मग माझा विरोध पद्धतीला नाही, दुर्लक्षाला आहे. खडूफळा बाईंनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं, मला एक दिवस लागला.

मंजिरी_कोथरूड | ११ डिसेंबर, सकाळी ९:००

पाढे मात्र पाठ हवेत हं. त्यावर तडजोड नाही!

सुतारपक्षी | ११ डिसेंबर, सकाळी ९:१०

एकोणतीसापर्यंत?

मंजिरी_कोथरूड | ११ डिसेंबर, सकाळी ९:१२

तीसापर्यंत. तीसचा सोपा असतो, तो बक्षीस म्हणून.

लातूरकर_डॉक्टर | १२ डिसेंबर, रात्री ११:५०

मीच तो नवरा. बायकोने धागा वाचायला दिला, ड्युटीवर दोन पेशंटच्या मधल्या वेळात सगळा वाचला. आभार.

मी माझी बाजू सांगतो. आमच्या गावात शिकलेलं कोणी नव्हतं. लातूरला खोली करून राहिलो. पहाटे पाचला उठून चाचणी, संध्याकाळी चाचणी. त्या शिस्तीमुळे मी इथे आहे, तिचे उपकार मी विसरणार नाही. पण खडूफळा बाईंचा तो भाजीवाला मुलगा वाचला आणि थांबलो. तो मी होतो. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. मला हिशोब तोंडी यायचा, वहीत चुकायचा आणि मार बसायचा. खूण शिकवायला चार दिवस लागतात हे कोणाला माहीतच नव्हतं.

मी शेवंतीबरोबर शाळा बघायला येतो. प्रश्न मी विचारीन.

खडूफळा | १३ डिसेंबर, सकाळी ७:३०

डॉक्टर, जा बाळा. आणि बाईंशी नीट बोल, त्या पण दमलेल्या असतात.

शेवंती१०३ | ९ जानेवारी, रात्री ९:३०

जाऊन आलो. तिन्ही प्रश्न विचारले. बाई चिडल्या नाहीत. रोज सकाळी पंचवीस मिनिटं अक्षर-ध्वनी, चार-पाच मुलांच्या गटात. दर सहा आठवड्यांनी प्रत्येक मुलाला वेगळं बसवून ऐकतात. आम्हाला एक वही दाखवली, नावं झाकून. आधी असं नव्हतं, गेल्या दोन वर्षांत बदललं, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. ती प्रांजळ कबुली मला सगळ्यात भावली.

काळजीच्या गोष्टीही आहेत. मुख्याध्यापिका पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत. २४ चे २० कधी होणार ते कोणाला सांगता आलं नाही.

अर्जात पहिलं नाव तेच टाकलं. दुसरं, पत्त्याची शाळा.

चहाटपरी | ९ जानेवारी, रात्री ९:५०

शुभेच्छा! निकाल इथेच कळवा.

शेवंती१०३ | १७ एप्रिल, संध्याकाळी ६:२०

पहिलीच मिळाली.

मंजिरी_कोथरूड | १७ एप्रिल, संध्याकाळी ६:४०

अभिनंदन! पेढे कुठेत?

शेवंती१०३ | २० नोव्हेंबर, रात्री १०:३०

धागा वर काढतेय. काल पहिली पालकभेट झाली. वीस मिनिटं ठरली होती, पस्तीस झाली.

बाईंनी लेकीची फाइल उघडली. सहा नंबरच्या ट्रेनची तीन चित्रं, सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची. पहिल्यावर नुसते रंग. दुसऱ्यावर बाईंनी तिच्याकडून ऐकून लिहिलेलं वाक्य. तिसऱ्यावर तिने स्वतः लिहिलेलं, आणि त्यात 'ट्रेन' हा शब्द सी-एचपासून सुरू केलेला.

डॉक्टर लगेच म्हणाले, "हे चुकलंय." बाई म्हणाल्या, तोंडाने सावकाश म्हणून बघा. आम्ही दोघं तिथे बसून इथल्या मुलांसारखं 'ट्रेन, ट्रेन' म्हणत राहिलो, आणि खरंच सुरुवातीला च ऐकू येतो. या वयाची बरीच मुलं असंच लिहितात म्हणे. तिने जे ऐकलं ते बरोबर ऐकलं.

डॉक्टरांनी मग विचारलं, "मग दुरुस्त कधी करणार?" बाईंनी वही उलटून तारीख दाखवली. जोडून येणारी व्यंजनं, टी-आर, डी-आर, जानेवारीचा तिसरा आठवडा. तिच्या गटातल्या चौघांच्या नावापुढे तीच खूण होती. एका पाचव्या मुलाच्या नावापुढे वेगळी. त्याला याच आठवड्यापासून रोज दहा मिनिटं जास्त बसवणार होत्या.

डॉक्टरांनी फोनमध्ये ती तारीख लिहून घेतली. घरी येताना सहा नंबरच्या ट्रेनमध्ये लेक त्यांच्या मांडीवर होती. ते तिला विचारत होते, "आधी कुठून वाकलं गं, तुझं स्टेशन?"

खडूफळा | २१ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

जानेवारीत पुन्हा लिही. मला त्या पाचव्या मुलाचं कळायला हवं.